यंत्राचा पत्ता कोणाच्या वहीत?

आपल्याकडे कार्यालयात नवे यंत्र आले की त्याचे स्वागत चांगले होते. खोके उघडताना सगळे जमतात, हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होते, ऑइलपेंटने यंत्राच्या अंगावर आकडा रंगवला जातो, बिलावर अधीक्षकांची सही होते. एवढे सगळे यथासांग झाल्यावर कंपनीचा माणूस एक वायर जोडतो, यंत्राच्या छोट्याशा पडद्यावर चार आकडे भरतो, चहा घेतो आणि निघून जातो. टेबलाचा आकडा, खुर्चीचा आकडा, कपाटाचा आकडा रजिस्टरात असतो. त्या चार आकड्यांची नोंद मात्र कोठेच होत नाही.

ते चार आकडे म्हणजे त्या यंत्राचा नेटवर्कमधला पत्ता. तो पत्ता कोणी द्यायचा, कोणत्या नियमाने द्यायचा आणि कोठे लिहून ठेवायचा, हा प्रश्न आपण तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देतो. माझ्या मते तो तंत्रज्ञांचा नाहीच. आवक-जावक क्रमांक जसा कार्यालयाचा असतो, तसा हाही कार्यालयाचाच विषय आहे. तंत्रज्ञाने आकडा यंत्रात भरावा. पण कोणता आकडा भरायचा हे कार्यालयाने आपल्या वहीत पाहून त्याला सांगावे. आज हे उलटे चालले आहे, आणि त्याचे परिणाम प्रवेशाच्या व परीक्षांच्या दिवसांत खिडकीपुढे उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना भोगावे लागतात. ज्यांचा संगणकशास्त्राशी संबंध नाही अशा वाचकांनी येथेच पान उलटू नये. या विषयात पोस्टाच्या पत्त्याहून अवघड असे फारसे काही नाही.

पोस्टाचीच गोष्ट घेऊ. आपल्या देशात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारचे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा, अनेक लिप्या, त्यात लिहिणाऱ्यांची अक्षरे. या गोंधळातून पत्र नीट पोचावे म्हणून सहा आकडे आले. ते डावीकडून उजवीकडे वाचायचे. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पुढचे आकडे क्षेत्र लहान लहान करीत नेतात आणि शेवटचे तीन आपल्याला थेट पोस्टाच्या दारात आणून सोडतात. बेळगावचा पिनकोड ५९०००१, तर शेजारच्या चंदगडचा ४१६ ने सुरू होतो. दोन्हीकडे घरात एकच भाषा बोलत असतील, बाजारही एकच असेल, पण पत्र वेगवेगळ्या थैल्यांत पडते. आकड्याला त्याचे सुखदुःख नसते. त्याला एवढेच हवे असते की एक आकडा एकाच ठिकाणचा असावा आणि तो कोणीतरी नोंदून ठेवलेला असावा.

यंत्राचा पत्ताही असाच डावीकडून उजवीकडे वाचायचा. समजा, कार्यालयातल्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५० असा आहे. आपल्या कार्यालयांतल्या नेहमीच्या मांडणीत यातले पहिले तीन आकडे गल्लीचे नाव सांगतात आणि चौथा आकडा घराचा नंबर सांगतो. प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंतच असू शकतो. या पद्धतीचे नियम १९८१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हिशेब असा होता की असे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतील. त्या वेळी जगात मोजके मोठे संगणक होते. एवढे पत्ते कधी संपतील असे वाटण्याचे कारण नव्हते. पण ते संपले. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून टाकण्यात आले.

मग आज प्रत्येक दुकानात, शाळेत, घरात एवढी यंत्रे चालतात कशी? त्याचे एक मोठे कारण म्हणजे फेब्रुवारी १९९६ मध्ये झालेली एक व्यवस्था. पत्त्यांचे तीन पट्टे जगाने खासगी वापरासाठी मोकळे सोडले. एक १० ने सुरू होणारा, एक १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचा आणि एक १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते कोणीही आपल्या भिंतींच्या आत वापरावेत. भिंतीबाहेर त्यांना अर्थ नाही. आपल्या खेड्यांत ‘मारुतीच्या देवळामागचे घर’ एवढा पत्ता पुरतो. गावातला कोणीही तेथे बरोबर नेऊन सोडतो. पण तोच पत्ता पाकिटावर लिहून मुंबईहून पत्र टाकले तर काय होईल? गावोगाव मारुती आहे आणि प्रत्येक मारुतीच्या मागे कोणाचे ना कोणाचे घर आहे. १९२.१६८.१.५० हा पत्ता असाच मारुतीमागच्या घराचा पत्ता आहे. तो आज या क्षणी लाखो कार्यालयांत नांदत असेल. त्याला कोणाची हरकत नाही, कारण प्रत्येकाचे गाव निराळे.

माझ्या म्हणण्याचे मूळ येथेच आहे. बाहेरच्या जगातले पत्ते वाटणाऱ्या संस्था आहेत, त्यांचे अर्ज आहेत, शुल्क आहे. पण आपल्या भिंतींच्या आतले पत्ते वाटायला दिल्लीहून, बेंगळुरूहून कोणी येणार नाही आणि आपणही कोणाकडे अर्ज करायचा नाही. नेहमीच्या मांडणीत अशा एका गल्लीत २५४ घरे बसतात. त्या गल्लीचा ग्रामसेवक आपणच. हा अधिकार कोणी आपल्याकडून काढून घेतलेला नाही. आपणच तो न वापरता, वायर जोडायला आलेल्या माणसाच्या हाती देऊन टाकला आहे.

आता पत्ता द्यायच्या रीती पाहू. पहिली रीत म्हणजे यंत्राच्या पडद्यावर हाताने आकडे भरायचे. दुसरी रीत अशी की यंत्राने नेटवर्कला जोडले गेल्याबरोबर ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक द्यायची आणि राउटरने आपल्याजवळच्या पट्ट्यातला एक मोकळा पत्ता त्याला ठराविक मुदतीपुरता द्यायचा. या दुसऱ्या रीतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ साली प्रथम आले आणि १९९७ साली सुधारून निघाले. हा पत्ता भाड्याचा असतो. मुदत अर्धी सरली की यंत्र स्वतःहून वाढ मागते. यंत्र बराच काळ बंद राहिले आणि मुदत टळली, तर तो पत्ता दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. वसतिगृहात जूनमध्ये खोल्या नव्याने वाटल्या जातात, तसाच हा प्रकार.

या दोन रीतींत चांगली कोणती, असा वाद काही मंडळी घालतात. हा वाद निरर्थक आहे, कारण प्रश्न रीतीचा नाही, यंत्राच्या कामाचा आहे. साधा नियम असा: जो दुसऱ्याकडे जातो त्याचा पत्ता बदलला तरी चालतो, ज्याच्याकडे दुसरे येतात त्याचा पत्ता कायम हवा. विद्यार्थ्याचा मोबाइल, प्राध्यापकांचा लॅपटॉप, प्रयोगशाळेतले संगणक हे सगळे दुसऱ्याकडे जाणारे. आज त्यांचे घर बारा नंबरचे आणि उद्या बत्तीस नंबरचे असले तरी कोणाचे अडत नाही. पण प्रिंटर, बोटाच्या ठशाचे हजेरीयंत्र, फाटकावरचा कॅमेरा, ग्रंथालयाचा सर्व्हर यांच्याकडे दुसरे येतात. कार्यालयातल्या पाच संगणकांना ‘प्रिंटर पन्नास नंबरला राहतो’ असे एकदा सांगून ठेवलेले असते. लाइट जाऊन आल्यावर तो जर त्र्याहत्तर नंबरला राहायला गेला, तर ते पाचही संगणक पन्नास नंबरच्या कुलपापुढे कागद घेऊन उभे राहतात.

मग तंत्रज्ञाला फोन होतो. तो येतो, प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरतो, आणि काम चालू होते. सगळ्यांना हायसे वाटते. पण त्याने भरलेला पत्ता राउटरच्या भाड्याच्या पट्ट्यातलाच असेल तर? राउटरला त्याची गंधवार्ता नसते. एखाद्या दिवशी प्रिंटर बंद असताना राउटर तोच पत्ता मोकळा समजून दुसऱ्याला देऊन बसतो. मग प्रिंटर जागा होतो आणि एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे होतात. नेटवर्कमध्ये एखाद्या यंत्राला निरोप द्यायचा तर आधी सर्वांना ऐकू जाईल अशी हाक द्यावी लागते, ‘पन्नास नंबर कोण?’ ही पद्धत १९८२ सालच्या नियमांतली आहे आणि आजही तशीच चालते. वर्गात हजेरी घेताना एका नंबरला दोघे ‘हजर’ म्हणाले तर हजेरी कोणाची लागेल? कधी याची, कधी त्याची. म्हणूनच हा बिघाड फार छळतो. यंत्र पूर्ण बंद पडले तर निदान कळते तरी. हे कधी चालते, कधी चालत नाही.

एका महाविद्यालयाच्या कार्यालयात घडलेला प्रकार सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तो आपल्याच कार्यालयातला वाटेल. परीक्षेच्या हॉलतिकिटांचे दिवस होते. प्रिंटर सकाळी कधी छापायचा, कधी नाही. दुपारी जेवणानंतर मात्र मुकाट्याने चालायचा. वायर बदलली, टोनर नवा घातला, विद्यापीठाच्या संकेतस्थळाला नावे ठेवून झाली. यंत्राला सकाळच्या थंडीचा त्रास होतो, असाही एक सिद्धांत निघाला. खेड्यांवरून आलेली मुले खिडकीपाशी थांबून, दुपारची बस चुकवून, ‘उद्या या’ एवढे उत्तर घेऊन परत जात होती. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका सहायकाने प्रिंटरची वायर काढून हातात धरली आणि शेजारच्या संगणकावरून प्रिंटरच्या पत्त्याला हाक देऊन पाहिली. प्रिंटर जोडलेलाच नव्हता, तरी उत्तर आले! ते येत होते प्रयोगशाळेतल्या एका संगणकाकडून. सकाळच्या प्रॅक्टिकलची बॅच कार्यालयाआधी सुरू व्हायची, तेव्हा प्रिंटर बंद असायचा आणि त्याचा पत्ता त्या संगणकाला मिळायचा. दुपारी बॅच सुटली, संगणक बंद झाले, की पत्ता पुन्हा प्रिंटरचा एकट्याचा. कार्यालय आणि प्रयोगशाळा एकाच नेटवर्कवर ठेवणे हेही चुकलेच होते. पण ते राहू द्या. वहीत एक ओळ लिहिलेली असती आणि पत्ता भरण्यापूर्वी कोणी ती पाहिली असती, तर हा सगळा खटाटोप टळला असता.

यावर उपाय आहे, तो जुना आहे, आणि त्याला एक पैसा खर्च नाही. वर सांगितलेल्या दोन रीतींच्या मधली ही तिसरी रीत. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मनंबर मिळालेला असतो. अक्षरे-आकड्यांच्या सहा जोड्या असतात. त्यातला पहिला अर्धा भाग बनविणाऱ्या कंपनीचा आणि उरलेला त्या यंत्राचा स्वतःचा. तो बहुधा यंत्राच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. राउटरला एकदा सांगून ठेवायचे की या जन्मनंबराचे यंत्र पत्ता मागायला आले की त्याला हाच पत्ता द्यावा आणि दुसऱ्या कोणालाही तो देऊ नये. याला पत्ता राखून ठेवणे म्हणतात. यंत्रात हाताने काही भरायचे नाही. पत्ता कायमचा, पण वाटप एकाच हातून. यंत्रात हाताने पत्ता भरताना त्याच्यासोबत गल्लीची मर्यादा सांगणारे आकडे आणि बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ताही भरावा लागतो. त्यात एक आकडा चुकला तर यंत्र घरात बोलते आणि बाहेर मुके होते; छपाई चालते, पण स्कॅन केलेला कागद ई-मेलने जात नाही. राखीव पत्त्यात हे सगळे राउटरच पुरवितो, त्यामुळे ही चूकही टळते.

तरीही काही पथ्ये पाळावी लागतात. गल्लीची आधी आखणी करावी. उदाहरणार्थ, १ नंबर राउटरला, २ ते ४९ सर्व्हर वगैरेंना, ५० ते ९९ प्रिंटर, हजेरीयंत्रे व कॅमेऱ्यांना आणि १०० पासून पुढे भाड्याने. एखाद्या राउटरला राखीव पत्ता भाड्याच्या पट्ट्याच्या आतलाच लागतो, एखाद्याला बाहेरचाही चालतो. ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. यंत्राचे नेटवर्कचे कार्ड बदलले तर जन्मनंबरही बदलतो. मग राउटरमधली आणि वहीतली नोंद त्याच दिवशी सुधारावी. मोबाइलसाठी पत्ते राखण्याच्या भानगडीत पडू नये. अलीकडचे मोबाइल खासगीपणासाठी आपला जन्मनंबरच बदलून सांगतात. आणि कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावे की त्याला पत्ता देणारा कोणी भेटलाच नाही आणि त्याने आपल्या मनानेच एक घेतला आहे. अशा वेळी प्रिंटरला दोष न देता आधी वायर आणि राउटर पाहावा.

आता वहीविषयी. शंभर पानी लांब वही पुरे. पहिल्या रकान्यात डेडस्टॉक क्रमांक, मग यंत्राचे नाव, ते कोणत्या खोलीत आहे, जन्मनंबर, दिलेला पत्ता, दिल्याची तारीख आणि देणाऱ्याची सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. यंत्र मोडीत निघाले की ओळीवर रेघ मारून तारीख घालावी, खोडरबर वापरू नये. कारण तो पत्ता पूर्वी कोणाचा होता हे कळणेही कधी कधी उपयोगी पडते. पत्ते इंग्रजी आकड्यांतच लिहावेत. यात मायमराठीचा अपमान नाही. आपला एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला चार इंग्रजी आठसारखा आणि सात सहासारखा. यंत्राचा कळफलक इंग्रजी आकड्यांचा असल्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा ठरलेला. पण नाव, खोली आणि शेरा मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत लिहावा. आपल्या कार्यालयांत दोन्ही भाषांची माणसे शेजारी शेजारी बसतात. वही ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ती वही नसल्यासारखीच. तंत्रज्ञ जेव्हा काही लिहून ठेवतो तेव्हा ते बहुधा त्रोटक इंग्रजीत, स्वतःपुरते असते. कार्यालयाची वही कार्यालयातल्या सर्वांपुरती हवी.

एवढ्या आधुनिक गोष्टीसाठी वही? असे कोणी हसेल, तर त्याला सांगावे की इंटरनेटसुद्धा नोंदवहीवरच उभे राहिले. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेत जॉन पोस्टेल नावाचा शास्त्रज्ञ होता. कोणता आकडा कोणाला दिला याचा हिशेब तो वर्षानुवर्षे ठेवीत असे, आणि आरंभी तो साध्या वहीच्या कागदावर होता असे सांगतात. यंत्रांची नावे आणि पत्ते यांची यादी एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियातल्या एका कचेरीतून सांभाळीत. नवे यंत्र जोडायचे तर आधी त्यांना कळवावे लागे, आणि बाकीचे त्यांच्याकडची यादी उतरवून घेत. यंत्रे वाढली तेव्हा ही कामे एका माणसाच्या हातून काढून संस्थेकडे सोपवायचे ठरले. त्यासाठी आयकॅन ही संस्था सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, पोस्टेल वारले. वय अवघे ५५. काम थांबले नाही, कारण ते लिहिलेले होते आणि ते पुढे चालविणारी माणसे व व्यवस्था होती. आपल्या कार्यालयातल्या वीस-पंचवीस यंत्रांचे पत्ते मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तो दुसऱ्या गावी गेला, त्याने नंबर बदलला किंवा त्याचे कंत्राट संपले, की आपण आंधळे.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की आता सगळे आपोआप होते, यंत्रे एकमेकांना नावानेही शोधून काढतात, मग आकड्यांचा एवढा सोस कशाला? हे खरे आहे, आणि जेथे ते नीट चालते तेथे चालू द्यावे. पण आपोआप होणारी गोष्ट अडली म्हणजे ती कोठे अडली हे शोधायला माणसाजवळ काहीतरी लिहिलेले लागते. घड्याळ आपोआप चालते. म्हणून कोणी कॅलेंडर फाडून टाकीत नाही. नव्या पद्धतीचे लांब पत्ते येत आहेत, त्यांचा पहिला आराखडा १९९५ सालचा. त्यांत पत्त्यांची टंचाई उरत नाही आणि यंत्र पुष्कळदा आपला पत्ता आपणच बनविते. तरीसुद्धा कोणते यंत्र कोणत्या खोलीत आहे, हे यंत्र सांगणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. पत्ते लिहून ठेवले आणि वही कोणाच्या हाती पडली तर? घराचा नंबर दारावर लिहिलेला असतो म्हणून चोरी होत नाही, कुलूप नसेल तर होते. भिंतीआतला पत्ता हे गुपित नव्हे. नेटवर्कला जोडलेल्या कोणालाही तो शोधून काढता येतो. गुपित आहे तो पासवर्ड. तो या वहीत मुळीच लिहू नये; बंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवावा. आणि यंत्राबरोबर आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि माहितीपुस्तिका जगजाहीर असते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. कार्यालयातली मंडळी आधीच कामाने वाकलेली आहेत, त्यात आणखी एक वही! हे मला मान्य आहे. पण हिशेब मांडून पाहावा. नव्या यंत्रामागे एक ओळ, वर्षाला फार तर दहा-बारा ओळी. दुसऱ्या बाजूला एका बिघाडात वाया जाणारे तीन-चार दिवस, तंत्रज्ञाच्या प्रत्येक फेरीचे पैसे, आणि खिडकीबाहेरच्या मुलांच्या शिव्या. त्या शिव्या कंपनीच्या माणसाला ऐकाव्या लागत नाहीत, त्या कारकुनाला ऐकाव्या लागतात. ज्या बिघाडाचे कारण त्याला कोणी सांगितलेले नाही, त्याची जबाबदारी मात्र त्याच्या माथी. ही वही कारकुनावरचे ओझे नव्हे, तर त्याच्या हातातला पुरावा आहे. नवा माणूस वायर जोडायला आला की तोच कारकून वही उघडून म्हणू शकेल, ‘थांबा, हा पत्ता ग्रंथालयाच्या कॅमेऱ्याचा आहे. तुम्हाला त्रेसष्ट नंबर देतो.’ त्या एका वाक्याने कोण कोणाच्या कार्यालयात आला आहे, हे दोघांनाही स्पष्ट होईल.

शेवटी प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्याविषयी. आपल्याकडे संगणकाचा अभ्यासक्रम घेतलेली मुले पत्त्यांचे वर्ग, मर्यादा, गणिते सगळे पाठ करतात आणि परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहून येतात. पण आपल्याच महाविद्यालयात, पन्नास पावलांवर, नेटवर्क कसे मांडलेले आहे हे त्यांना कधी कोणी दाखवीत नाही. ज्या विषयाचे वर्ग आपण भरवितो, त्याच विषयातल्या किरकोळ कामासाठी आपण बाहेरच्या माणसाची वाट पाहतो, हे काही भूषणावह नाही. वनस्पतिशास्त्राची मुले महाविद्यालयाच्या आवारातली झाडे नोंदतात, भूगोलाची मुले गावाचा नकाशा काढतात. मग संगणकाच्या मुलांनी आवारातली यंत्रे का नोंदू नयेत?

दरवर्षी सत्राच्या आरंभी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून, कार्यालय अधीक्षकांच्या देखरेखीखाली, एका दुपारी प्रत्येक खोलीत जावे. यंत्राच्या पाठीवरचा जन्मनंबर वाचावा, पत्ता पाहावा, वहीशी ताडावा, फरक दिसल्यास शेऱ्यात लिहावे आणि राउटरमधली नोंद प्राध्यापकांकडून दुरुस्त करून घ्यावी. जोडीतला एक मराठी लिहिणारा असावा, दुसरा कन्नड. पुस्तकातल्या गणितांना त्यामुळे अर्थ येईल. उद्या याच मुलांतले कित्येक जण बँकांत, दवाखान्यांत, साखर कारखान्यांच्या कचेऱ्यांत नोकरीला लागतील, आणि तेथेही कोणीतरी चहा घेऊन, चार आकडे भरून निघण्याच्या बेतात असेल. त्याला दारातच थांबवून वही पुढे करण्याची सवय त्यांना येथून लागली, तर ती पदवीच्या कागदाइतकीच कामाची ठरेल.

वर्ष संपत आले की कार्यालय नव्या रजिस्टरांची मागणी काढते. त्या यादीत आणखी एका वहीची भर पडावी आणि तिला आवक-जावक रजिस्टराशेजारीच जागा मिळावी, एवढीच प्राचार्यांना आणि अधीक्षकांना विनंती आहे.